आचाऱ्याला की आचार्याला? नव्या लिनक्सची मराठी परीक्षा

गणपती विसर्जनानंतर मंडळाचा जमाखर्च मांडायला बसलेल्या कार्यकर्त्याने 'आचाऱ्याला दिले' असे टाइप करावे आणि पडद्यावर 'आचार्याला दिले' असे उमटावे. रक्कम तीच राहते, पण महाप्रसाद रांधणाऱ्याचे पैसे कागदोपत्री एखाद्या विद्वानाला जातात. दऱ्या आणि दर्या यांचेही तसेच. एक सह्याद्रीत, दुसरा त्याच्या पश्चिमेला. 'र'चे हे अर्धे, डोळ्याच्या पापणीसारखे वळण मराठी लिखाणात पदोपदी लागते. हिंदीला त्याची गरज पडत नाही. त्यामुळे संगणकाची एखादी नवी प्रणाली देवनागरी नीट दाखवते, असा निर्वाळा हिंदी वाचणाऱ्याने दिला, तरी मराठी वाचणाऱ्याचे काम तेवढ्याने भागत नाही.

करी रोड, लालबाग, चिंचपोकळी या पट्ट्यात अशा मराठी मजकुराचा राबता मोठा. मंडळांचे कार्यअहवाल, वर्गणीच्या पावत्या, लग्नपत्रिका, श्रद्धांजलीचे फलक, सोसायटीच्या नोटिसा. स्टेशनच्या आजूबाजूला गिरण्यांच्या जागी काचेचे टॉवर उभे राहिले, त्यांच्यातली यंत्रे दर तीन-चार वर्षांनी बदलतात. चाळीतल्या खोलीतला किंवा जिन्याखालच्या डीटीपीच्या दुकानातला संगणक मात्र दहा-दहा वर्षे चालवला जातो. रॅम वाढवायची, हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवायची, पंख्यातली धूळ फुंकायची आणि पुढे चालू.

अशा संगणकांपुढे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एक अडचण उभी राहिली. मायक्रोसॉफ्टने त्या दिवशी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. संगणक बंद पडला नाही, पडणारही नाही. पण प्रणालीत नव्याने सापडणारी सुरक्षेची भोके आता आपोआप बुजवली जाणार नाहीत. घरगुती वापरणाऱ्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची मुदतवाढ घेता येते. त्यानंतर विंडोज ११ वर जायचे, तर टीपीएम २.० नावाची सुरक्षा व्यवस्था आणि साधारण २०१८ च्या पुढचा प्रोसेसर हवा. ते नसेल तर धडधाकट यंत्र भंगारात काढायचे, धोका पत्करून तसेच वापरायचे किंवा लिनक्सकडे वळायचे.

लिनक्स ही एका कंपनीची मालमत्ता नव्हे. लिनस टोरव्हाल्ड्स या फिनलंडमधल्या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये तिचा गाभा लिहिला आणि जगाला मोकळा करून दिला. नुसता गाभा घेऊन कोणी जमाखर्च लिहू शकत नाही. त्याच्याभोवती खिडक्या, ब्राउझर, कीबोर्डच्या मांडण्या, फॉन्ट, प्रिंटरचे ड्रायव्हर असा संसार मांडावा लागतो. तो मांडून जे तयार मिळते त्याला डिस्ट्रिब्यूशन, बोलीभाषेत 'डिस्ट्रो' म्हणतात. लालबागच्या मिरची गल्लीत एकाच ढिगातली मिरची घेऊनही प्रत्येक घराचा मसाला वेगळा होतो, तसे डेबियन, उबंटू, मिंट, फेडोरा असे अनेक डिस्ट्रो आहेत. आपल्याकडे सी-डॅकने २००७ पासून आणलेला 'बॉस' हाही त्यांतलाच, डेबियनवर बेतलेला.

विंडोज १० ची मुदत संपण्याच्या दोन महिने आधी, ९ ऑगस्ट २०२५ रोजी, राखीपौर्णिमेच्या दिवशी डेबियनची तेरावी आवृत्ती बाहेर पडली. तिचे नाव 'ट्रिक्सी'. डेबियनच्या आवृत्त्यांना 'टॉय स्टोरी' या चित्रपटांतल्या खेळण्यांची नावे देण्याची जुनी रीत आहे. या आवृत्तीत जवळपास ७० हजार पॅकेजे आहेत, त्यांतली १४ हजारांहून अधिक नवी. ती जुळवण्याचे काम जगभर विखुरलेले हजारभर अधिकृत डेव्हलपर आणि त्याहून कितीतरी जास्त हौशी मंडळी करतात. यांच्यापैकी कोणाच्याही घरी करी रोडच्या दुकानातला प्रिंटर नसतो आणि बहुतेकांना 'ऱ्य' आणि 'र्य' यांतला फरक डोळ्यांना दिसत नाही.

म्हणूनच नवी आवृत्ती बनवण्यात तक्रार करणाऱ्याला मोठे स्थान आहे. औषधांच्या बाबतीत हा विचार लोकांच्या ओळखीचा असतो. नवे औषध बाजारात येण्यापूर्वी काही शे किंवा काही हजार माणसांवर तपासले जाते. दहा हजारांत एखाद्यालाच होणारा त्रास त्या चाचणीत दिसेलच असे नाही. तो लाखो लोक औषध घेऊ लागल्यावर दिसतो. त्यासाठी भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. करी रोडहून चालत जाता येईल अशा परळच्या केईएम रुग्णालयातही अशी नोंद घेतली जाते. रुग्णाने सांगितले, डॉक्टरांनी अर्ज भरला, तर पुढच्या रुग्णाच्या चिठ्ठीत फरक पडतो. कोणी काही बोललेच नाही, तर औषध निर्धोक आहे असा समज पक्का होत जातो.

संगणक प्रणालीचीही हीच गोष्ट. फरक एवढाच की इथे अर्ज भरायला मध्ये डॉक्टर नसतो.

डेबियनमध्ये नवे सॉफ्टवेअर आधी 'अस्थिर' शाखेत येते. तिथे काही दिवस गंभीर तक्रार आली नाही की 'चाचणी' शाखेत सरकते. मग साधारण दोन वर्षांनी एक काळ येतो त्याला 'फ्रीझ', म्हणजे गोठवणे, म्हणतात. ट्रिक्सीसाठी हे गोठवणे मार्च २०२५ मध्ये सुरू झाले. या काळात नवे काही आत घेत नाहीत, फक्त चुका दुरुस्त करतात. प्रत्येक तक्रारीला एक क्रमांक मिळतो, तो क्रमांक आता दहा लाखांच्या पुढे गेला आहे. प्रत्येक तक्रारीची तीव्रताही ठरवली जाते. ज्या तक्रारीमुळे माहिती नष्ट होते किंवा संगणक चालतच नाही, ती प्रकाशन रोखू शकते. बाकीच्या 'साधारण', 'किरकोळ' किंवा 'असते तर बरे' या खणांत जातात.

मराठीची अडचण या खणांपाशी सुरू होते. एखाद्या फॉन्टमध्ये 'ऱ्य' मोडतो, ही तक्रार प्रकाशन रोखण्याइतकी गंभीर ठरत नाही आणि ते चूकही नाही. पण प्रकाशनानंतर स्थिर आवृत्तीत फक्त सुरक्षेच्या आणि मोठ्या दुरुस्त्या जातात. डेबियनचे नाव ज्यामुळे झाले ती स्थिरता हीच. गोठवण्याआधी कोणी सांगितले नाही, तर ती किरकोळ चूक पुढची दोन वर्षे मंडळाच्या अहवालात छापली जात राहते. सांगायची वेळ प्रकाशनाच्या आधीची असते आणि आपल्याकडे बहुतेक लोक नवी आवृत्ती प्रकाशनानंतर महिन्याभराने बसवतात.

वापरणाऱ्यांनी सांगितले म्हणून निर्णय फिरले, याची मोठी उदाहरणे आहेत. अनेक लॅपटॉपमधले वाय-फायचे चिप चालायला कंपनीचे एक बंदिस्त फर्मवेअर लागते. ते मुक्त सॉफ्टवेअर नसल्याने डेबियन आपल्या अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते ठेवत नसे. नवशिक्या माणसाने पेनड्राइव्ह लावावा, इन्स्टॉलरने 'नेटवर्क सापडत नाही' म्हणावे, आणि ते फर्मवेअर उतरवण्यासाठी नेटवर्कच हवे, असा तिढा वर्षानुवर्षे चालला. शेवटी २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी यावर रीतसर मतदान घेतले, आपल्या मूळ सामाजिक करारात बदल केला, आणि जून २०२३ मध्ये आलेल्या बाराव्या आवृत्तीपासून हे फर्मवेअर इन्स्टॉलरमध्येच येऊ लागले. तत्त्वाला मुरड पडली असे म्हणणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण आज करी रोडचा माणूस जुन्या लॅपटॉपवर डेबियन बसवतो आणि वाय-फाय पहिल्या झटक्यात लागते, ते त्या मतदानामुळे.

उबंटूची गोष्ट आणखी वेगाने घडली. जून २०१९ मध्ये उबंटूने पुढच्या आवृत्तीपासून ३२-बिट पॅकेजे सोडून देण्याचे जाहीर केले. जुने गेम आणि विंडोजची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालवणारी 'वाइन' ही व्यवस्था या पॅकेजांवर उभी आहे. खेळणाऱ्यांकडून आणि गेम विकणाऱ्या कंपनीकडून असा ओरडा झाला की आठवड्याभरात निर्णय बदलून निवडक ३२-बिट पॅकेजे ठेवण्यात आली. त्याआधी ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीने काही लॅपटॉपच्या बायोसमध्येच बिघाड केला. सेटिंग बदलली तरी ती साठेना. वापरणाऱ्यांनी कोणत्या कंपनीचे, कोणते मॉडेल हे कळवत नेल्यावर कारण सापडले, डिसेंबरमध्ये ती आवृत्ती उतरवून घेण्याची सोय काढली गेली आणि जानेवारी २०१८ मध्ये दुरुस्त प्रत आली. घरात शोधलेल्या शब्दावर अ‍ॅमेझॉनच्या विक्रीच्या वस्तू दाखवण्याचा २०१२ मधला प्रयोग मात्र निघायला चार वर्षे लागली. तक्रारी पहिल्या दिवसापासून होत्या. लोकांचे म्हणणे ऐकले जाते, पण ज्यात पैसा गुंतला आहे तिथे ते सावकाश ऐकले जाते.

मराठीपुरते बोलायचे तर संगणकावर आज जे काही नीट दिसते, त्यामागेही असेच सांगणारे लोक आहेत. २००० च्या सुमारास प्रकाश अडवाणी आणि व्यंकटेश हरिहरन यांनी 'इंडलिनक्स' नावाचे काम सुरू केले. भारतीय भाषांत लिनक्स दिसावे एवढाच हेतू. तेव्हा देवनागरी दाखवायला मोकळा, नीट वाटून घेता येईल असा फॉन्टच हाताशी नव्हता. २००४ मध्ये रेड हॅट कंपनीने 'लोहित' ही फॉन्टमालिका मुक्त परवान्याखाली दिली. लोहित म्हणजे तांबडा, कंपनीच्या टोपीचा रंग. पुण्यातल्या रेड हॅटच्या कार्यालयातून तिची देखभाल पुढे चालली. मुंबईच्या 'एक टाइप'ने 'मुक्ता' आणि 'बलू' असे देखणे फॉन्ट मुक्त परवान्यावर दिले. आज लग्नपत्रिकेपासून सरकारी फलकापर्यंत ते दिसतात.

'ॲ' या अक्षराची कथा तर अगदी अलीकडची. 'ॲड.', 'ॲप', 'ॲसिड' हे शब्द मराठी माणूस 'अ'वर अर्धचंद्र देऊन लिहितो. हिंदीत 'ऐ', 'ऍ' अशी वेगळी सोय. युनिकोडमध्ये 'ॲ'ला स्वतःची जागा मिळाली ती एप्रिल २००८ मध्ये, ५.१ या आवृत्तीत. तोवर 'अ' आणि अर्धचंद्र वेगवेगळे टाइप करून जोडावे लागत आणि कित्येक ठिकाणी अर्धचंद्र तुटून एका ठिपक्यांच्या वर्तुळावर जाऊन बसे. जुन्या फायलींमध्ये अजूनही दोन्ही प्रकार सापडतात. डोळ्यांना शब्द सारखा दिसतो, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द वाटतात. वर्गणीदारांच्या यादीत 'ॲड.' शोधावे आणि निम्मी वकील मंडळी सापडूच नयेत, याचे कारण हेच. 'ऱ्य'ही दोन तऱ्हांनी टाइप करता येतो. एकीत नुक्त्याचा 'ऱ', हलन्त आणि 'य'. दुसरीत साधा 'र', हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि 'य'.

'ल' आणि 'श' यांचे दुखणे आणखी नाजूक. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श लिहितात, हिंदीत त्यांची वळणे निराळी. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयात आणि पुन्हा १० नोव्हेंबर २०२२ च्या निर्णयात मराठी वळणे ठरवून दिली. पण युनिकोडमध्ये 'ल' एकच. त्याचे कोणते रूप दाखवायचे हे फॉन्ट ठरवतो, आणि चांगल्या फॉन्टलाही 'हा मजकूर मराठी आहे' असे सांगावे लागते. लिब्रे ऑफिसमध्ये मजकूर निवडून भाषा हिंदीऐवजी मराठी केली की, फॉन्टमध्ये सोय असेल तर, ल आणि श डोळ्यांदेखत बदलतात. ही जादू बहुतेकांना माहीतच नसते. ते 'फॉन्ट खराब आहे' म्हणून मोकळे होतात.

तक्रार कशाची, हे नेमके कळणे म्हणूनच महत्त्वाचे. कीबोर्डवर बोट पडल्यापासून पडद्यावर अक्षर उमटेपर्यंत चार हात लागलेले असतात. पहिला, कोणती कळ दाबली म्हणजे कोणते अक्षर, हे ठरवणारी कीबोर्डची मांडणी. लिनक्समध्ये मराठीसाठी इनस्क्रिप्टही आहे आणि इंग्रजी अक्षरांवरून मराठी उमटवणाऱ्या फोनेटिक पद्धतीही आहेत. दुसरा, एकामागून एक आलेल्या अक्षरांचे जोडाक्षर करणारे इंजिन. बहुतेक ठिकाणी हे काम 'हार्फबझ' नावाचे मुक्त सॉफ्टवेअर करते. तिसरा हात फॉन्टचा. चौथा, हे सगळे पडद्यावर मांडणाऱ्या प्रोग्रॅमचा. 'आचाऱ्याला' हा शब्द लिब्रे ऑफिसमध्ये मोडला पण फायरफॉक्समध्ये नीट दिसला, तर संशय पहिल्या प्रोग्रॅमवर. दोन्हीकडे मोडला, पण फॉन्ट बदलल्यावर सुधारला, तर दोष फॉन्टचा. सगळ्या फॉन्टमध्ये, सगळ्या प्रोग्रॅममध्ये मोडला, तर बहुधा टाइप करतानाच चुकीचे अक्षर पडले आहे. नुक्त्याच्या 'ऱ'ऐवजी साधा 'र' पडला की 'आचार्याला' होणारच, आणि तो संगणकाचा दोष नव्हे.

एवढे तपासायला दहा मिनिटे पुरतात आणि त्यासाठी प्रोग्रॅमिंग यावे लागत नाही. मराठी वाचता येणे पुरते. दवाखान्यात जाऊन 'डॉक्टर, बरे वाटत नाही' एवढेच म्हटले तर डॉक्टर पुढचे दहा प्रश्न विचारतात. कधीपासून, कुठे, काय खाल्ले होते. तक्रार वाचणारा डेव्हलपर जर्मनीत किंवा ब्राझीलमध्ये असेल, तर प्रश्न विचारण्यात आठवडा जातो आणि तोवर तक्रार करणाराच कंटाळलेला असतो. म्हणून पहिल्या पत्रातच डिस्ट्रोची आणि प्रोग्रॅमची आवृत्ती, फॉन्टचे नाव, टाइप केलेली अक्षरे सुटी-सुटी क्रमाने, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, हे द्यावे. पडद्याचे चित्र जोडावे. पुन्हा पुन्हा होते की एकदाच झाले, हेही लिहावे. समोरच्याला देवनागरी वाचता येत नाही हे धरून चालावे आणि बरोबर रूपाचे चित्र चुकीच्या शेजारी ठेवावे. डेबियनमध्ये 'रिपोर्टबग' नावाचा एक छोटा प्रोग्रॅम आवृत्त्यांची माहिती आपणहून भरतो आणि पत्र ईमेलने पाठवतो, वेगळे खाते उघडावे लागत नाही. मोडक्यातोडक्या इंग्रजीला कोणी हसत नाही.

अशी एक नेमकी तक्रार किती दूर जाते, याचा अंदाज सहसा नसतो. हार्फबझ फक्त लिनक्समध्ये नाही. अँड्रॉइड फोन, क्रोम, फायरफॉक्स, लिब्रे ऑफिस या सगळ्यांत तेच अक्षरे जोडते. तिथे मराठीची एखादी चूक दुरुस्त झाली, तर ती दुरुस्ती यथावकाश संगणकाला कधी हात न लावलेल्या गृहिणीच्या मोबाइलपर्यंत पोहोचते. तसेच डेबियनमध्ये झालेली दुरुस्ती पुढे उबंटू, मिंट आणि बॉस यांच्याकडे वाहत जाते.

उलट बाजूही आहे. लिनक्सच्या बहुतेक डिस्ट्रोंमध्ये वापरणाऱ्याची माहिती न विचारता गोळा केली जात नाही. उबंटूने एप्रिल २०१८ पासून नवी प्रणाली बसवल्यावर यंत्राची माहिती पाठवू का, असे विचारायला सुरुवात केली. डेबियन विचारतो, पण उत्तर आधीच 'नाही' धरलेले असते. खासगीपणाच्या दृष्टीने हे उत्तम. पण त्यामुळे मराठीत टाइप करणारे किती, त्यांना काय त्रास होतो, हे बनवणाऱ्यांना आपोआप कळण्याचा मार्ग उरत नाही. गप्प बसलेला माणूस त्यांच्या लेखी समाधानी असतो.

तक्रारीचे हत्यारही होऊ शकते, हे २०२४ मध्ये जगाने पाहिले. 'एक्सझेड' नावाचे, फायली दाबून लहान करणारे एक छोटे साधन जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ते लासे कॉलिन हा एक माणूस फावल्या वेळात सांभाळत असे. २०२२ मध्ये त्याला काही अनोळखी नावांनी टोचणारी पत्रे येऊ लागली. काम किती सावकाश चालले आहे, दुसऱ्या कोणाला का देत नाही, असा सूर. त्यातले एक नाव 'जिगर कुमार' असे होते. ही नावे बनावट असावीत, असे नंतर तपास करणाऱ्यांचे मत झाले. आपल्या मानसिक आरोग्याच्या अडचणी कॉलिनने तेव्हा उघडपणे लिहिल्या होत्या. दबावाखाली त्याने 'जिया टॅन' नावाच्या मदतनिसाला हक्क दिले, आणि त्या मदतनिसाने दोन वर्षांनी साधनात चोरदरवाजा बसवला.

तो पकडला गेला तोही एका वापरणाऱ्याच्या बारीक नजरेमुळे. आंद्रेस फ्रॉइंड हा डेटाबेसवर काम करणारा अभियंता डेबियनच्या अस्थिर शाखेवर काही मोजमापे घेत होता. दूरच्या संगणकात शिरायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त लागतो आहे, हे त्याला खटकले. त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी सगळा प्रकार उघड केला. डेबियनच्या स्थिर आवृत्तीत तो चोरदरवाजा अजून पोहोचला नव्हता. उबंटूने आपल्या २४.०४ ची चाचणी आवृत्ती आठवडाभर पुढे ढकलली आणि पॅकेजे नव्याने बांधून काढली. अर्धा सेकंद ही कोणी तक्रार करावी अशी गोष्ट नव्हती. त्याने केली.

फुकट काम करणाऱ्याला लिहिताना भाषा कशी असावी, हेही या प्रकरणाने शिकवले. 'इतकी साधी गोष्ट जमत नाही का' असे लिहिणाऱ्याचे काम लवकर होत नाही. अशा पत्रांना कंटाळून चांगली माणसे निघून जातात आणि त्यांच्या जागी कोण येईल याची खात्री नसते.

आता जुन्या संगणकाच्या मालकाने काय करावे, याचे सरसकट उत्तर नाही. ज्याचे दुकान टॅलीवर, कोरलड्रॉवर किंवा श्री-लिपीसारख्या जुन्या फॉन्ट-पद्धतीवर चालते, त्याने एका रात्रीत लिनक्सवर उडी मारू नये. ही सॉफ्टवेअरे विंडोजसाठी बनलेली आहेत. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये साठवलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, नाहीतर लिनक्समध्ये तो इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. जीएसटीसाठी डिजिटल सहीचे टोकन वापरणाऱ्यांनी त्याचा लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का, हे आधी पाहावे. प्रिंटरचेही तेच. आपल्याकडच्या दुकानांत ठाण मांडून बसलेला कॅननचा एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर स्वतःच्या वेगळ्याच भाषेत बोलतो, त्याला लिनक्सशी जोडताना खटपट करावी लागते. याउलट ज्या घरात संगणकाचा उपयोग ब्राउझर, ईमेल, मुलांचा अभ्यास, पत्रे आणि हिशेबाचे तक्ते एवढाच आहे, तिथे लिनक्स आरामात चालते.

ट्रिक्सीबद्दल दोन गोष्टी जुन्या यंत्रवाल्यांनी मुद्दाम पाहाव्यात. एक, या आवृत्तीपासून ३२-बिट संगणकांसाठी इन्स्टॉलर मिळत नाही. २०१० नंतरचे बहुतेक संगणक ६४-बिट आहेत, पण त्याआधीचे यंत्र असेल तर तपासून घ्यावे. १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी पावणेनऊच्या सुमारास ३२ बिटांत मोजलेला सेकंदांचा हिशेब संपतो. त्यापुढची मोजणी चालावी म्हणून ट्रिक्सीने इतर यंत्रांवर घड्याळ ६४-बिट केले, जुन्या ३२-बिट पीसींना यातून वगळले. दुसरी गोष्ट, प्रोग्रॅमांच्या तात्पुरत्या फायली आता डिस्कऐवजी रॅममध्ये ठेवल्या जातात, त्यासाठी निम्म्यापर्यंत रॅम वापरली जाऊ शकते. मोठ्या रॅमच्या यंत्रावर याने वेग वाढतो. दोन-चार जीबीच्या यंत्रावर मोठी फाइल हाताळताना जागा संपल्याचा निरोप येऊ शकतो. ही सोय बंद करता येते, पण मुळात ती आहे हे माहीत असले पाहिजे. नव्या आवृत्तीवर वाद झाले त्यांत हाही एक विषय होता, आणि जुनी यंत्रे वापरणाऱ्यांचे म्हणणे त्यात वजनदार होते.

उडी मारण्याआधी पाणी जोखायची सोय लिनक्समध्ये चांगली आहे. पेनड्राइव्हवरून प्रणाली नुसती सुरू करून पाहता येते, हार्ड डिस्कवरचे काही हलत नाही. वाय-फाय लागते का, आवाज येतो का, प्रिंटर दिसतो का, मराठी टाइप होते का, हे तासाभरात कळते. तरीही आपल्या फायलींची एक प्रत बाहेर काढून ठेवावी. बसवताना चुकीच्या डिस्कवर बोट पडले, तर ती चूक कोणत्याही डेव्हलपरला दुरुस्त करता येत नाही.

डेबियनच्या पुढच्या, चौदाव्या आवृत्तीचे नाव 'फॉर्की' ठरले आहे. तिची चाचणी शाखा ट्रिक्सी बाहेर पडताच उघडली, आणि तिच्यात सांगितलेल्या चुका दुरुस्त व्हायला भरपूर अवधी आहे. उबंटूचे वेळापत्रक वेगळे आहे. दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणारी, पाच वर्षे सांभाळली जाणारी त्यांची दीर्घ मुदतीची आवृत्ती, २६.०४, एप्रिल २०२६ साठी ठरलेली होती. अशा आवृत्तीची चाचणी प्रत प्रकाशनाच्या काही आठवडे आधी सर्वांसाठी खुली होते. ती उतरवायला साधारण सहा जीबी डेटा आणि आठ जीबीचा एक पेनड्राइव्ह लागतो.